आठबोटेबाईंचा प्रेस

आठबोटे हे काही तिचं खरं आडनाव नव्हे. पण सातपुते, दहातोंडे अशी आडनावं असतातच, त्यामुळे नवख्या माणसाला शंका येत नाही. नटबोल्टचा दुकानदार, वीजबिल आणून देणारा, पलीकडच्या शेडमधला वेल्डर, सगळे तिला बिनदिक्कत ‘आठबोटेबाई’ म्हणतात आणि तीही ओ देते.

हे नाव तिला गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या टवाळांनी दिलं. तेव्हा ती जेमतेम एकोणीस वर्षांची होती आणि उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत बँडेजमध्ये होता. “अरे, सरका, आठबोटे आल्या!” असं एकजण ओरडला आणि बाकीचे खिदळले. दुसरी एखादी मान खाली घालून घरी पळाली असती. ही वळली आणि त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

“बरोबर मोजलीस की रे,” ती म्हणाली. “शाळेत गणितात गचकला होतास ना? सुधारलास.”

पुढे कित्येक वर्षांनी तिनं स्वतःसाठी शेड भाड्यानं घेतली, तेव्हा पाटी रंगवायला आलेल्या पेंटरला तिनं हेच नाव सांगितलं. ‘आठबोटे मशीन दुरुस्ती. जुनी लेथ, शेपर, ड्रिल नव्यासारखी करून मिळतील.’ पेंटरनं तिच्या हाताकडे पाहिलं आणि ब्रश हवेतच धरून विचारलं, “बाई, आडनाव नक्की हेच घालू?”

“हेच. आणि मोठ्या अक्षरात.”

तिची बोटं गेली ती डब्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कारखान्यात. पत्र्याच्या छपराखाली पॉवर प्रेस ओळीनं मांडलेले असायचे आणि प्रत्येकापुढे स्टुलावर एकेक मुलगी. पत्र्याचा तुकडा साच्यावर ठेवायचा, पायानं पायडल दाबायचं, की वरचा जड दट्ट्या धाडकन खाली येणार आणि झाकण तयार. झाकण काढायचं, नवा तुकडा ठेवायचा. दिवसभर हेच. त्या दिवशी तिनं पायडल दाबलं, दट्ट्या आला आणि गेला. झाकण काढायला तिनं हात आत घातला, आणि पायडल न दाबता दट्ट्या पुन्हा खाली आला. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही गेली.

“मी पाय दाबला नव्हता,” हे तिनं हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या आल्या सांगितलं. डॉक्टरांना, नर्सला, दादाला, जो समोर येईल त्याला. पण तिच्याआधी कारखान्याचा मालक येऊन गेला होता. ‘पोरगी खिडकीतून बाहेर बघत होती, चुकून दोनदा पाय पडला,’ असं तो सांगून गेला आणि जाताना फळांची पिशवीही ठेवून गेला. ती शुद्धीवर आली तेव्हा आई खाटेशी बसून रडत होती. रडता रडता तिनं एकच विचारलं, “लक्ष कुठे होतं गं तुझं?”

बोटं गेल्याचं दुःख एकीकडे आणि हा प्रश्न एकीकडे. बोटांची जखम भरली. प्रश्न मात्र घरातच राहायला आला. तिच्या हातून कपबशी फुटली, दूध उतू गेलं, किल्ली सापडेना झाली, की आईच्या तोंडून तो निघायचाच. ठरत आलेलं लग्न मोडलं तेव्हाही आई तेच म्हणाली. दादाला मूल झालं, तर शेजारपाजारच्या बायका तिच्या मांडीवर बाळ द्यायला कचरायच्या. हात अधू म्हणून नव्हे, धांदरट म्हणून. मालकाच्या एका वाक्यानं ती जन्माची धांदरट ठरली होती.

कारखान्यानं तिला परत घेतलं नाही. महिनोन्‌महिने काम शोधून ती शेवटी वस्तादांकडे गेली. वस्ताद म्हणजे जुनी मशीनं दुरुस्त करणारा एक तिरसट म्हातारा. कुणी मोडीत काढलेली लेथ आणायची, तिचा सांधा न्‌ सांधा सुटा करायचा, झिजलेलं बदलायचं, वाकलेलं सरळ करायचं आणि पुन्हा धावती करायची, हा त्याचा धंदा. त्यानं तिचा हात आपल्या हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

“पकड आहे का यात?”

बाकावर एक जाडजूड गिअर पडला होता, तो तिनं त्याच हातात उचलला आणि समोर धरून उभी राहिली. वस्तादांनी चहा मागवला. चहा आला. तो त्यांनी बशीत ओतला, फुंकला, घोट घोट घेतला, मध्ये कुणाशी तरी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. तिच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. गिअर मात्र होता तिथेच होता. बशी खाली ठेवून वस्ताद म्हणाले, “ठेव आता. उद्यापासून ये. आणि रॉकेलचा वास चालत नसेल तर आजच सांग.”

तिला तो वास चालला. नुसता चालला नाही, आवडला. वस्तादांनी तिला मशीन ऐकायला शिकवलं. बेअरिंग कुरकुरतं कसं, दांड्याभोवतीची बुशची कडी झिजल्यावर तो कसा ठकठकतो, हे त्यांनी तिला कानानं ओळखायला लावलं. लेथच्या पाट्यावर निळ्या रंगाचा पातळ हात फिरवायचा, त्यावर सपाट पट्टी घासायची, जिथे निळं पुसलं जाईल तिथे उंचवटा समजायचा आणि तो हातानं खरवडायचा, पुन्हा निळं लावायचं, पुन्हा खरवडायचा. असं दिवसचे दिवस. खरवडणी तीन बोटांनी धरायची तिची अशी एक ढब बसली. वस्ताद गेले, तेव्हा त्यांची हत्यारं त्यांच्या मुलानं आपणहून तिच्याकडे आणून दिली.

शेडमध्ये तिच्या जोडीला वहिनी असते. दादाची बायको. मुलं मोठी झाल्यावर घरात बसून तिला कंटाळा यायला लागला, म्हणून ती सहज डबा द्यायला आली आणि तिथेच रमली. भाग रॉकेलमध्ये धुवायचे, गंज काढायचा, रंग द्यायचा हे खातं तिचं. तोंडाचं खातंही तिचंच. ऐन कामात ती नणंदेला “अहो वन्सं” म्हणून हाक मारते आणि मग जे सुरू होतं ते पाना हातातून पडेपर्यंत थांबत नाही.

एके दिवशी भंगारवाल्याचा निरोप आला. एक कारखाना बंद झालाय, मशीनं वितळायला जाणार आहेत, बघण्यासारखं काही असेल तर बघून जा. तो नेहमीच असा निरोप धाडायचा. दोघी गेल्या. पत्र्यांच्या आणि सळयांच्या ढिगाऱ्यात एक हिरवा प्रेस आडवा पडला होता. त्याच्या एका पायाला वेल्डिंगचं ओबडधोबड ठिगळ होतं. बाई त्या ठिगळापाशी खाली बसली. रोज सकाळी डबा ती याच ठिगळाला टेकवून ठेवायची.

“हा नका घेऊ बाई,” भंगारवाला म्हणाला. “अपशकुनी आहे. कुणाची तरी बोटं खाल्लीत म्हणतात यानं.”

“माझीच,” ती म्हणाली. “गाडीत चढवा.”

वहिनीनं वाटेत तोंड उघडलं ते शेडपर्यंत मिटलं नाही. “वन्सं, डोकं ठिकाणावर आहे का? खाटीक कुणी घरी आणून बसवतं का? द्या वितळायला मेल्याला. त्याचे खिळे होऊ देत.”

“खिळे झाले तर मला कोण सांगणार?”

“काय सांगणार?”

“मी पाय दाबला नव्हता ते.”

वहिनी लग्न होऊन आली ती या घरातल्या धांदरट नणंदेबद्दल ऐकतच.

प्रेस उभा केला आणि बाई कामाला लागली. मोठं चाक उतरवलं, क्लच उघडला. अशा प्रेसमध्ये चाक सतत फिरत असतं. पायडल दाबलं की क्लचमधली चावी चाकात अडकते आणि दट्ट्या एकदा खाली येऊन वर जातो. मग मागची स्प्रिंग ती चावी खेचून सोडवते आणि दट्ट्या थांबतो. स्प्रिंग ढिली पडली किंवा चावी झिजली, तर दट्ट्या थांबत नाही, आपोआप दुसऱ्यांदा येतो. कामगार याला ‘डबल मारणं’ म्हणतात. तिनं चावी बाहेर काढली. कडा वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. पण ही झीज आत्ताची की तेव्हाची, हे चावी थोडीच सांगणार होती?

तिकडे मागच्या बाजूचा रंग वहिनी खरवडत होती. हिरव्याखाली राखाडी लागला.

“वन्सं, याला आधी राखाडी रंग होता?”

“माझ्या वेळी राखाडीच होता. मी हॉस्पिटलात होते तेव्हा हिरवा दिला. सुटले त्याच दिवशी राहिलेल्या चपला घ्यायला गेले होते, तेव्हा रंग ओला होता.”

“मग इथे या जरा. हे काय आहे बघा.”

स्प्रिंग अडकवायच्या आकड्याशी तारेचे वेढे होते आणि वेढ्यांत करपल्यासारखा काळा कसलासा तुकडा. सगळ्यावर हिरवा रंग चढलेला. नवी स्प्रिंग शेजारी नवा आकडा जोडून लावली होती. जुनं काढायचे कष्ट कुणी घेतले नव्हते, वरून फक्त रंग फासला होता. बाईनं चिमट्यानं काळा तुकडा हलवला, तसा त्याचा भुगा झाला. सायकलच्या ट्यूबची पट्टी होती ती. स्प्रिंग तुटली होती आणि तिच्या जागी कुणीतरी रबर बांधून काम चालवलं होतं.

मग तिनं तारेच्या खालचा हिरवा रंग पात्यानं हळूच उचकटला. खाली राखाडी रंगात एक चर पडला होता. रबर घासून घासून राखाडी रंग गेला होता, लोखंड उघडं पडलं होतं आणि तो चर हिरव्या रंगानं भरून निघाला होता. म्हणजे रबर अपघातानंतर बांधलेलं नव्हतं. प्रेस राखाडी होता तेव्हाच, तिच्याच वेळी, ते कितीतरी महिने तिथे घासत होतं. आणि रोज ती त्या रबराच्या भरवशावर हात आत घालत होती.

वहिनीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “रडायचं तर रडा वन्सं. मी शटर ओढून घेते.”

“रडत नाहीये. मालक कुठे राहतो हल्ली?”

मालक आपल्या मुलाकडे राहत होता. म्हातारा झाला होता, गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता, गुडघ्यांवर शाल. ती आत गेली, नमस्कार वगैरे केला नाही. कागदाच्या पुडीतून तारेचे वेढे काढून त्याच्यापुढच्या टेबलावर ठेवले.

“हे काय?”

“तुमच्या प्रेसची स्प्रिंग.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग हाताकडे. ओळख पटली ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “किती वर्षं झाली त्याला,” तो म्हणाला. “आता काय आठवणार मला?”

“रबर बांधलं होतं.”

“अगं, तेव्हा सगळेच बांधायचे. मीच एकटा होतो का? स्प्रिंग मागवली की यायला वेळ लागायचा, काम थांबवून चालत नव्हतं.”

“म्हणजे आठवतंय.”

म्हाताऱ्यानं शाल वर ओढली. आतून मुलाची बायको डोकावली, “कोण आहे?” म्हणून. “कुणी नाही,” तो म्हणाला, आणि मग हिच्याकडे वळून हळू आवाजात, “तुला काय हवंय आता? काही मदत बिदत हवी असेल तर...”

“मदत नको. माझ्या घरी चला. माझ्या आईला सांगा, हिचा पाय पडला नव्हता म्हणून.”

“हे गुडघे घेऊन कुठे येऊ मी?”

“मी गाडी आणलीय.”

“नाही जमायचं,” तो म्हणाला, आणि तोंड फिरवून रस्त्याकडे बघत बसला. ती उभी राहिली. तो पुन्हा तिच्याकडे वळेना. तिनं तार पुडीत बांधली.

“तुम्ही नाही आलात तरी मी सांगणारच आहे,” ती म्हणाली. “आईलाच नव्हे. सगळ्यांना.”

आईला तिनं शेडमध्ये आणलं. आईला आता नीट चालवत नव्हतं. वहिनीनं एका बाजूनं धरलं, हिनं दुसऱ्या. प्रेससमोर स्टूल ठेवून तिला बसवलं. हिनं चावी दाखवली, तार दाखवली, राखाडीतला चर बोटानं चाचपायला लावला. मग दोरी बांधून, क्लचची चावी कशी सुटायला हवी आणि कशी सुटत नव्हती, तेही करून दाखवलं. आईला मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ती शेवटपर्यंत बघत राहिली.

“हे एवढंसं?” आईनं तारेकडे बोट दाखवून विचारलं. “एवढ्याशा रबरासाठी?”

“हो.”

आई घरी आली, जेवली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. माफी वगैरे मागण्याची तिची पद्धत नव्हती आणि लेकीनंही ती मागितली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सार्वजनिक नळावर, जिथे ती कित्येक महिन्यांत गेली नव्हती, तिथे ती काठी टेकत गेली. बादल्या घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोर तिनं त्या मालकाच्या सात पिढ्यांचा असा काही उद्धार केला, की नळ बंद करायचं राहून बादल्या वाहायला लागल्या. शेवटी तिनं श्वास घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “माझ्या मुलीचं लक्ष कामावरच होतं. कुणी वेगळं म्हणालं तर माझ्याशी गाठ आहे.”

वहिनीनं हे शेडमध्ये येऊन अभिनयासकट करून दाखवलं. बाई हसली. मग तिनं चष्मा काढून तो खूप वेळ पुसला.

प्रेस पुरा व्हायला बरेच दिवस गेले. नवी चावी तिनं चांगल्या पोलादाची बनवली आणि तिला पाणी देऊन कडक केली. बुश बदलले, ब्रेकची पट्टी बदलली, दट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या निळं लावून खरवडल्या. स्प्रिंग एक नाही, दोन लावल्या. एक तुटली तर दुसरी राहावी म्हणून. आणि पायडल कापून फेकून दिलं. त्याऐवजी दोन बाजूंना दोन मुठी बसवल्या. दोन्ही हातांनी दोन्ही मुठी दाबल्याखेरीज दट्ट्या हलणार नाही. पुढे लोखंडी जाळी लावली. जाळी खाली आल्याखेरीज मुठी दबत नाहीत. वहिनीनं रंग विचारला. बाईनं राखाडी सांगितला.

पहिल्यांदा चाक सुरू झालं, तेव्हा वहिनी दोन पावलं मागे सरली. बाई स्टुलावर बसली, पत्र्याचा तुकडा ठेवला, जाळी खाली ओढली, मुठी दाबल्या. धाड्‌. दट्ट्या खाली आला, वर गेला आणि थांबला. ती वाट बघत राहिली. तो थांबलेलाच होता. तिनं जाळी उचलली आणि त्याच उजव्या हातानं झाकण बाहेर काढलं. मग ती दिवसभर झाकणंच काढत बसली. वहिनीला शेवटी तिला उठवावं लागलं.

बातमी पसरली आणि गिऱ्हाईक आलं. नवीन कारखाना टाकलेला एक तरतरीत गृहस्थ. त्याला प्रेस पसंत पडला, आवाज पसंत पडला.

“फक्त ही जाळी काढून द्या,” तो म्हणाला. “आणि मुठींच्या जागी पायडल. यानं माल अर्धा निघतो.”

“प्रेसवर कोण बसणार?”

“आहेत की बायका. काळजी घेतात त्या. सराव असतो त्यांना.”

“मलाही होता,” ती म्हणाली आणि हात पुढे केला.

तो जरा चपापला, मग हसून म्हणाला, “अहो, धंद्यात असं भावनेवर चालत नाही. तुम्ही नाही दिलात तर दुसरीकडून घेईन.”

“घ्या. हा नाही मिळणार.”

तो गेल्यावर वहिनीनं तिला चांगलंच फैलावर घेतलं. हातचं गिऱ्हाईक घालवलं, शेडचं भाडं कोण भरणार, आणि तो काय दुसरा प्रेस घेणार नाही होय? तिथल्या बायकांचं काय भलं झालं यात? बाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटचा प्रश्न तिला लागला. खरंच होतं ते. एक प्रेस न विकून काय होणार होतं?

पुढच्या आठवड्यात ती त्या गृहस्थाच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहिली. दुपारची सुट्टी झाली, बायका बाहेर आल्या. तिनं हात वर करून सगळ्यांना दाखवला. उगाच भाषण केलं नाही.

“तुमच्यापैकी कुणाचा प्रेस डबल मारतो?”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फाटकावरचा रखवालदार पुढे आला. एक बारकीशी बाई हळूच म्हणाली, “माझा मारतो कधीकधी. सुपरवायझर म्हणतो, तुझाच पाय पडतो.”

“पाय नाही पडत. मागे बघ, स्प्रिंगच्या जागी काय बांधलंय. बघून मला सांग. आणि तोवर आत हात घालू नकोस, चिमटा वापर. हा घे.” तिनं शेडमध्ये बनवलेले लांब चिमटे पिशवी भरून आणले होते.

त्या गृहस्थानं तिला धमकी दिली. आणखी एका कारखान्यानं तिच्याकडे दिलेली लेथ अर्ध्या दुरुस्तीतच परत मागवली. एकानं फाटकाजवळच्या भिंतीवर, बाहेरच्या दुरुस्तीवाल्यांना मज्जाव आहे, असं लिहून घेतलं. तिनं ते वाचलं आणि भिंतीसमोर, सार्वजनिक रस्त्यावर जाऊन उभी राहिली. काही मालक मात्र आपणहून बोलावून स्प्रिंगा तपासून घ्यायला लागले. काही भीतीनं, एखाददुसरा खरोखरच पटलं म्हणून. काम कमी झालं की वाढलं, याचा हिशेब वहिनी करते, आणि तो दर महिन्याला बदलतो.

पण त्याआधी, चिमटे वाटले त्याच्या पुढच्याच आठवड्यात, ती बारकीशी बाई शेडवर आली. तिच्या मुठीत तारेचा एक पीळ होता, त्याला रबराचा तुकडा चिकटलेला. तो तिनं काढून आणला होता आणि म्हणून तिला त्याच दिवशी कामावरून घरी पाठवलं होतं.

“आता काय करू?” तिनं विचारलं. मान वर होती.

आठबोटेबाईनं हात कापडाला पुसले आणि भिंतीवरचं जाकीट काढून अंगात घातलं.

“तू पुढे चल,” ती म्हणाली. “वहिनी, शटर ओढून घ्या. आपण तिघी कारखान्यावर जातोय.”